चिंधीचा दुसरा तुकडा

दिवा बारीक करा. बंद नको, नुसता बारीक. आणि त्या कोपऱ्यातल्या लोखंडाला कुणी टेकायचं नाही, गार असतं, मग पाठ धरली म्हणून सकाळी माझ्याच नावानं ओरडाल. मधेमधे मी दम खाईन. तेव्हा "मग? मग?" करून मागं लागायचं नाही. दम परत आला की मीच पुढचं सांगेन.

ही फिरत फिरत आलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर ती बेतली तो माणूस माझ्या चांगल्या ओळखीतला. त्यानं ती एकदाच सांगितली, एका बैठकीत, उजाडेपर्यंत. पुन्हा विचारलं की पायात चप्पल घालून चालू लागतो.

तो गाड्यांचा मिस्त्री. सगळे त्याला कानमिस्त्री म्हणत. त्याच्याकडे हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर होता. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचा आणि मूठ कानाला लावायचा, डॉक्टर नळी लावतात तशी. डोळे मिटून घ्यायचा. शेजारी हातोडे चालू असोत, हॉर्न बोंबलोत, त्याला त्या गाडीच्या पोटातलं सगळं ऐकू यायचं. "हिचं दुसरं नोझल गळतंय," म्हणायचा, आणि उघडलं की तेच निघायचं. बायको म्हणे, "परक्या गाडीचा खोकला ऐकू येतो, घरात मी तासभर ओरडते तेवढं ऐकू येत नाही." तो म्हणे, "तुझ्यात बिघाडच नाही, ऐकू काय?" लग्नाला बावीस वर्षं झाली होती, तरी ती यावर हसू दाबत आत जायची.

त्याची एक रीत होती. ती नीट ध्यानात ठेवा. इंजिनाचा पाइप सोडवला की त्याचं तोंड उघडं पडतं. आत खडा जाईल, वायसर जाईल, म्हणून मिस्त्री लोक त्या तोंडात कापडाचा बोळा कोंबून ठेवतात. काम झालं की बोळा काढायचा, पाइप जोडायचा. पण काढायला विसरलं तर? म्हणून हा काय करी, एक चिंधी टरकन फाडून दोन तुकडे करी. एक पाइपात. दुसरा त्या गाडीच्या स्टिअरिंगला बांधायचा. बांधायची गाठसुद्धा त्याची स्वतःची, दोन वेढे आणि एक शेपूट वर उभं, तेलकट हातानं ओढली तरी सुटणारी. काम संपलं की दोन्ही तुकडे हातात घ्यायचे, फाटलेली कड कडेला लावून बघायची. जोडी जुळली तरच मालकाला किल्ली.

चिंध्या त्याला थोरली बहीण पुरवायची. जुन्या चादरी, अभ्रे, सगळं धुऊन घड्या घालून.

"ताई, तेल पुसायचंय मला, घड्या कसल्या घालतेस?"

"चिंधी झाली म्हणून काय तिनं चुरगळून राहायचं?"

आई गेली तेव्हा मिस्त्री चार वर्षांचा होता. थोरलीनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं, शाळेतून पळाला की कान धरून शोधून आणलं. पुढं ती लग्न होऊन डोंगराच्या पलीकडं गेली. मुलगा परदेशी, घरात ती आणि सून. अलीकडं थोरलीची छाती पार गेली होती. विजेवर चालणारं हवेचं मशीन असतं ना, त्याची नळी रात्रंदिवस नाकाला. वीज गेली तर म्हणून प्राणवायूची एक लहान टाकी उशाशी.

तर ती नोव्हेंबरातली सतरा तारीख. मंगळवार. आकाश स्वच्छ, अर्धा चंद्र, थंडी नुकती पडायला लागलेली. दहा वाजून दहा मिनिटांनी सुनेचा फोन आला.

"मामा, संध्याकाळपासून वीज नाही. सासूबाईंना छोटी टाकी लावलीय, पण काटा खाली यायला लागलाय."

"किती वेळ पुरेल?"

"एक वाजेपर्यंत. त्यापुढं नाही."

"रुग्णवाहिका?"

"दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलीय. दोनच्या आत नाही म्हणतात."

मागून थोरलीचा आवाज आला, तुटक तुटक. "त्याला म्हणावं... जेवून निघ."

"जेवलोय म्हणावं," मिस्त्री म्हणाला. ताट तसंच समोर होतं.

औषधवाल्याला उठवून त्यानं मोठी टाकी घेतली. मागच्या सीटवर आडवी टाकून पट्ट्यानं आवळली. टाकीचा पाना आणि नळ्या एका पिशवीत होत्या, ती शेजारच्या सीटवर ठेवली तर गाडी लगेच टिंग टिंग ओरडायला लागली. सीटवर वजन आलं की ती पट्टा मागायची, मग ती पिशवी असो नाहीतर भोपळा. "गप गं," म्हणत त्यानं पिशवी खाली पायाशी ठेवली. अकरा पंचवीसला निघाला. अठरा किलोमीटर, मधे डोंगराची नऊ वळणं, एरवी पस्तीस-चाळीस मिनिटांचा रस्ता. म्हणजे बाराच्या सुमाराला टाकी थोरलीच्या उशाशी. वेळ हाताशी होता. तो शीळ घालत चालला होता म्हणे.

गाडी त्याची स्वतःचीच, डिझेलची, आठ वर्षं लेकीसारखी सांभाळलेली. मला इंजिनातलं काय कळतंय, पण तो सांगतो ते असं. चढावर इंजिनाला जास्त हवा लागते. ती दाबून आत भरायला एक पंखा असतो, त्याला टर्बो म्हणतात. तो जोरात फिरला की गाडीतून बारीक शीळ ऐकू येते. शीळ ऐकू येतेय तोवर चढाची काळजी नाही.

पहिलं वळण गेलं. दुसरं, तिसरं, चौथं. पाचवं वळण घेतलं, पाय दाबला.

आणि शीळ बंद झाली.

गाडीला मागून कुणी धरून ठेवावं तसं झालं. पाय पार खाली टेकला तरी जोर नाही. आरशात बघितलं तर मागं काळा धूर. दुसरा गिअर, पहिला गिअर. मुंगीसारखी सरकायला लागली. डॅशबोर्डवर इशाऱ्याचा एकही दिवा पेटला नव्हता, गाडीच्या हिशेबानं सगळं ठीक होतं. त्यानं गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चाकाखाली दगड लावला. अकरा बावन्न.

घाबरला नाही. घाबरायचं काय त्यात? दुसऱ्याची ही दुखणी काढण्यात त्याचा जन्म गेला होता. तोंडात टॉर्च धरली आणि बॉनेट उघडलं.

आधी किल्ली काढली, तीस आकडे मोजले, परत लावली. कधीकधी गाडीतला कॉम्प्युटर उगीच रुसून बसतो, त्यानं ताळ्यावर येतो. जागच्या जागी पाय दाबला तर शीळ आली, अगदी गोड. गिअर टाकून वीस पावलं नेली, मेली. मग टर्बोकडे जाणारी करंगळीएवढी रबरी नळी चाचपली. तिला चीर गेली की टर्बो लुळा पडतो. चीर नव्हती. टर्बोची दांडी हलते का बघितलं. हलत होती. हवेच्या मोठ्या पाइपाच्या पट्ट्या आवळून बघितल्या, कुठं फुस्स होतंय का म्हणून सांध्यांवरून ओला हात फिरवला. काही नाही. हवेची जाळी काढली. स्वच्छ. मोठा पाइप सोडवून आत टॉर्च मारली. आरपार मोकळा. सगळं परत जोडलं. शेवटी तो लांब स्क्रू ड्रायव्हर काढून कानाला लावला.

घड्याळासारखं इंजिन. ऐकायला काही नाही.

फोन लावला तर रेंज नाही. वरून एक ट्रक आला, मिस्त्रीनं दोन्ही हात हलवले, ट्रकनं हॉर्न दिला आणि निघून गेला. टाकी पाठीवर घ्यावी तर ती एका माणसाइतकी जड, आणि वाट नऊ किलोमीटरची. बारा वाजून तेरा मिनिटं झाली होती. घामानं अंग थबथबलं. त्यानं बॉनेटवर मूठ आपटली आणि त्याच्या तोंडून निघून गेलं,

"अरे, गाडीला काही नाही!"

...आणि तो तिथंच थिजला.

कारण हे वाक्य त्यानं आधी एकाला ऐकवलं होतं.

थांबा. जरा दम खाऊ दे.

हं. वर्षापूर्वी त्याच्याकडे एक गिऱ्हाईक यायचं. चष्मेवाला. दर मंगळवारी काचांची लाकडी पेटी घेऊन डोंगरापलीकडं जायचा, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे डोळे तपासायचा, चष्मे करून द्यायचा. बारीक चणीचा, मफलर गुंडाळलेला, बोलणं इतकं हळू की मिस्त्री थट्टेनं म्हणायचा, "साहेब, तुम्हाला ऐकायला स्क्रू ड्रायव्हर लावावा लागतो." त्याच्या गाडीचा मोठा पाइप मिस्त्रीनं सोडवून जोडला होता. दुसऱ्या दिवशी चष्मेवाला हजर.

"मिस्त्री, सपाटीला छान चालते. चढाला मरते."

मिस्त्रीनं गाडी सपाट रस्त्यावर एक फेरी मारून आणली. कान लावला. काही नाही.

"गाडीला काही नाही साहेब. तुम्ही गिअर उशिरा टाकता."

"असेल. पण एकदा चढावर माझ्याबरोबर बसून बघाल? वजन पडल्याशिवाय कळत नाही, असं तुम्हीच म्हणता."

"बसू की. उद्या."

उद्या म्हणून तीनदा त्याला परत पाठवलं. काम होतं, कंटाळा होता, आणि खरं सांगायचं तर आपला कान चुकेल हे मिस्त्रीच्या मनात येईना. मग मंगळवार आला. सहाव्या वळणावर चष्मेवाला विटांच्या ट्रकला मागं टाकायला बाहेर निघाला आणि निम्म्यात गाडीचा जोर गेला. समोरून बस येत होती. त्यानं कठड्याकडे वळवली. कठडा जुना होता.

त्या रात्री बायकोनं धुवायला काढलेल्या विजारीचा खिसा मिस्त्रीनं उलटा केला. आत चिंधी. निळ्या वेलीची, अर्धी फाडलेली. स्टिअरिंगला बांधायचा तुकडा. पाइप सोडवताना बांधला होता, मधे कुणाचा तरी फोन आला, फोन घ्यायला त्यानं तो तुकडा सोडून त्यालाच हात पुसले आणि तो खिशात घातला. स्टिअरिंग मोकळं दिसलं म्हणून किल्ली देऊन टाकली.

मग दुसरा तुकडा कुठं होता?

सपाटीला हवा मंद असते, बोळा पाइपात एका अंगाला पडून राहतो. चढावर जोर लागला की हवा त्याला उचलते आणि झाकणासारखा बसवते. हे त्याला त्या रात्री एका क्षणात कळलं. पण त्यानं बघितलं नाही. चेपलेली गाडी ओढून आणून त्याच्याच गॅरेजमागं टाकली होती, तिचं बॉनेट त्यानं वर्षभर उघडलं नाही. लोक म्हणाले वेग जास्त होता, तो गप्प राहिला. खिशातला तुकडा एका डब्यात घालून डबा माळ्यावर टाकला. बायकोलाही बोलला नाही.

आता कळलं तो का थिजला ते? पाचवं वळण मागं. सहावं पुढं.

आणि खालच्या अंगानं आवाज आला.

किण... किण... किण...

काचेवर काच.

कुणीतरी चढ चढून येत होतं. मिस्त्रीचं डोकं बॉनेटखालीच राहिलं. वर काढवेना. टॉर्चच्या उजेडात त्याला नुसते बूट दिसले. धूळ बसलेले. गाडीच्या नाकाशी येऊन थांबले.

"चढाला मरते ना, मिस्त्री?"

हळू आवाज. इतका हळू की...

"हो," मिस्त्री म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"सपाटीला काही नाही."

"नाही."

"वजन पडल्याशिवाय कळायचं नाही. चालवा तुम्ही. मी बसतो शेजारी."

पळावंसं वाटलं त्याला. पण पळणार कुठं? मागच्या सीटवर टाकी होती. पलीकडं थोरली होती. पळाला असता तर चढ काही पळाला नसता. त्यानं बॉनेट पाडलं, चाकाखालचा दगड काढला, खाली मान घालून जागेवर बसला. शेजारचं दार वाजलेलं त्याला आठवत नाही. पण मांडीवर पेटी ठेवल्याचा आवाज आला. किण.

गाडी सुरू केली.

वाट बघत राहिला. टिंग टिंग होईल. सीटवर वजन आलं की ही ओरडतेच.

ओरडली नाही.

पिशवीला ओरडणारी गाडी... गप्प.

मात्र गाडी निघाली ती विटा भरल्यासारखी जड. पाय खाली टेकलेला. काटा हलत नव्हता. चालत्या माणसानं मागं टाकावं अशी सरकत होती. बारा एकोणतीस. काचेवर त्याच्या बाजूनं श्वासाची वाफ धरत होती. शेजारच्या बाजूनं काच कोरडी.

बघायचं नव्हतं. तरी दिसली.

बोलायला हवं. एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. माफी मागायची, सांगून टाकायचं, साहेब, तुमचं बरोबर होतं, बोळा आत राहिला, माझ्या हातून. वर्षभर ते वाक्य घशात होतं. आता ऐकणारा शेजारी बसला होता. जीभ टाळ्याला चिकटली.

"साहेब... त्या दिवशी..."

"पुढं बघा."

एवढंच. रागानं नव्हे. परीक्षा घेणारा माणूस जसा म्हणतो तसं.

किण... किण...

सहावं वळण आलं. कठड्याचे नवे दगड गाडीच्या दिव्यांत पांढरे दिसत होते. जुन्यांत नवे, दातांत दात बसवल्यासारखे.

"इथं."

मिस्त्रीनं पाय उचलला. गाडी आपोआपच थांबली.

"इथपर्यंत यायचं होतं तुम्ही," शेजारून आवाज आला. "फार लांब नव्हतं."

मिस्त्रीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. 

"मागं टाकी कुणाची?"

"...ताईची. माझ्या."

"किती वाजेपर्यंतची हवा आहे त्यांच्याजवळ?"

सांगू नये असं वाटलं. पण तोंड, जे माफीला उघडलं नाही, ते याला उघडलं.

"एक."

मांडीवरची पेटी उचलल्याचा आवाज आला. किण.

"मग मी पुढं होतो."

मिस्त्रीनं मान वळवली. शेजारी कुणी नव्हतं. किणकिण रस्त्यानं वर चालली होती, भरभर, गाडीपेक्षा भरभर, वळणापलीकडं... आणि गेली.

आता विचार करा, पोरांनो. तो पुढं गेला होता. थोरलीकडं. आणि ह्याच्या पायाखाली गाडी असून नसल्यासारखी. "तिला नको," तो ओरडला म्हणे, "तिनं काय केलंय, मला ने!" डोंगराला ओरडून काय उपयोग? दाबलेला पाय आणखी दाबला. बॉनेट पुन्हा उघडायचं नाव काढलं नाही. उघडून काय बघणार? सगळं बघून झालं होतं. वर्षं वर्षं कमावलेला तो कान, ते हात, तो लांब स्क्रू ड्रायव्हर, कशाचा कशाला उपयोग नव्हता. तो नुसता बसून होता आणि गाडी सरकत होती. सातवं वळण. बारा पंचावन्न. आठवं. एक वाजला. एक वाजून गेला. तो डॅशबोर्डवरच्या आकड्यांकडे बघायचा आणि दर मिनिटाला तिचा श्वास मोजायचा. आता असेल. आता नसेल.

एक वीसला माथा लागला. सपाटी आली, पुढं उतार. गाडी सुटली वाऱ्यासारखी, जशी काही कधी थकलीच नव्हती.

घराच्या कोपऱ्यावर सून भेटली, अनवाणी, धापा टाकत.

"मामा, एक वाजता काटा खाली टेकला. मी डॉक्टरांकडे पळाले, पार गावाच्या त्या टोकाला. दाराला कुलूप. आत्ता येतेय परत. सासूबाई... एकट्याच आहेत. मामा, तुम्ही आधी आत जा. माझ्यानं बघवणार नाही."

त्यानं हॉर्न दिला. का दिला कुणास ठाऊक. लहानपणी दारातून हाक मारायचा तसा. मग टाकी ओढत आत गेला.

मेणबत्ती जळत होती. थोरली उशीला टेकून बसली होती. डोळे मिटलेले, ओठ निळे. आणि छाती हलत होती. आत... बाहेर. आत... बाहेर. सावकाश, मापात. तिचं एक बोट पलंगाच्या दांडीवर ठेका धरत होतं.

त्यानं नळी जोडली. घाईत पाना दोनदा निसटला. हवा सुरू झाली. सून पायाशी बसून रडायला लागली. पंधरा-वीस मिनिटांनी थोरलीनं डोळे उघडले, खोलीभर नजर फिरवली.

"गेले का ते?"

"कोण, ताई?"

"पेटीवाले. मफलर होता बघ. तू हॉर्न दिलास तेव्हा उठले."

मिस्त्रीनं मागं वळून दाराकडं बघितलं.

"काटा टेकला, ही पळत गेली, आणि माझा जीव घाबरा झाला रे. वाटलं, संपलं. तर हे शेजारी बसलेले. म्हणाले, मिस्त्री चढावर आहेत, वेळ लागेल. मी बसतो शेजारी. पेटीतल्या काचा वाजवत होते हळू हळू. एकीला आत घ्या म्हणाले, दुसरीला सोडा. किण आत, किण बाहेर. दुसरं काही नाही." ती थांबली. "चहासुद्धा विचारता आला नाही मला."

तेव्हा मिस्त्रीचं लक्ष उशाशी गेलं. रिकाम्या छोट्या टाकीकडं. टाकी उघडायच्या चावीला चिंधी बांधली होती. निळ्या वेलीची. दोन वेढे, आणि एक शेपूट वर उभं.

"ही कुणी बांधली?"

"मला काय माहीत? तूच असशील. गाठ तुझी आहे, चादर माझी आहे."

तो पलंगाशी बसला. आणि मग त्यानं सगळं सांगितलं. खिसा, डबा, तीन वेळचं उद्या, सगळं. सांगता सांगता खिडकी उजळली.  शेवटी थोरलीनं विचारलं,

"हे त्यांना सांगितलंस?"

"नाही. तोंडच उघडलं नाही."

"मग मला सांगून काय होणार, अरे?"

 

सकाळी तो परत निघाला, गाडी त्याच वळणांवरून सरळ गेली. पुढं चार मिस्त्र्यांनी ती तपासली, कुणालाही त्यात काही सापडलं नाही. गॅरेजवर जाऊन त्यानं चेपलेल्या गाडीचं गंजलेलं बॉनेट पहारीनं उचकटलं. मोठा पाइप सोडवला. आत टॉर्च मारली. पाइप आतून तेलानं काळाभोर झाला होता, बोट घातलं तर माखून निघेल असा. एका ठिकाणी मात्र मुठीएवढी जागा कोरडी होती. स्वच्छ. नुकतंच कुणीतरी तिथून काहीतरी उचलून नेलं होतं.

माळ्यावरचा डबा घेऊन तो पुन्हा डोंगर चढून आला. चावीला बांधलेली चिंधी सोडायचं धाडस झालं नाही, म्हणून आपला तुकडाच तिच्याशेजारी नेऊन कडेला कड लावली. वेलीचं एक फूल मधोमध फाटलं होतं. पाकळीला पाकळी लागली.

तेव्हापासून गिऱ्हाईक नुसतं "चढावर" म्हणालं की तो हातातलं काम टाकून गाडीत जाऊन बसतो. चढ कितीही लांब असो.

औषधवाला रिकामी टाकी परत मागायला तीनदा आला. मी दिली नाही.

हो. तीच ती, त्या कोपऱ्यात. उगीच नाही सांगितलं टेकू नका म्हणून. गाठही तशीच आहे, एवढे दिवस झाले, मी सोडलेली नाही, सुनेला सोडू दिलेली नाही. नळीतून हवा येतेय ना नीट, बघा जरा. आणि दिवा मोठा करा आता.

अरे... नको. हात लावू नकोस त्या चिंधीला.

बोटाला अजून तेल लागतं.